निवृत्तिवेतन : नोकरीतले की स्वतःचे? साकीनाक्याच्या संदर्भात एक विवेचन

वार्धक्यातील निर्वाहाची तरतूद नोकरीच्या ठिकाणच्या योजनेवर सोपवावी, की आपली वर्गणी आपणच गुंतवून ती स्वतंत्रपणे करावी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा व्याजाच्या दराचा प्रश्न म्हणून मांडला जातो. एका योजनेत इतके टक्के, दुसरीत तितके. तेव्हा दुसरी बरी. वर्गात हा विषय निघाला म्हणजे विद्यार्थीही प्रथम दरच विचारतात. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, दराचा विचार अनावश्यक नसला तरी तो दुय्यम आहे. दीर्घायुष्य, अकाली मृत्यू, भाववाढ आणि खंडित नोकरी या चार जोखमी कोणी उचलावयाच्या, हा खरा प्रश्न होय. आणि ज्या कामगारापुढे हा प्रश्न खराखुरा उभा राहतो, त्याला निवडीची संधी नोकरी धरताना मिळत नाही. ती नोकरी सोडताना मिळते. ही दुसरी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळसा उपदेश व्यर्थ जातो.

विवेचनाला ठिकाण हवे म्हणून साकीनाका घेतला आहे. अंधेरी-कुर्ला रस्ता व साकी विहार रस्ता यांच्या मिलनस्थानी असलेल्या या नाक्याभोवती मुंबईच्या उपनगरांतील लघुउद्योगांची एक दाट वस्ती आहे. साकी विहार रस्त्याने उत्तरेस गेले की पवईस लार्सन अँड टुब्रोचा विस्तीर्ण कारखाना लागतो. उलट खैरानी रस्त्याच्या गल्ल्यांत शिरले की एकेका गाळ्यात लेथ, पॉवर प्रेस, प्लास्टिकची मोल्डिंग यंत्रे, शिवणयंत्रे, पॅकिंगची टेबले. जून २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून आकाशरेषा बदलली, काचेच्या कचेऱ्या आल्या. परंतु गाळे सर्वस्वी गेलेले नाहीत. म्हणजे मोठी आस्थापना, मध्यम आस्थापना आणि कायद्याच्या कक्षेबाहेरचा गाळा हे तिन्ही प्रकार येथे चालत जाण्याच्या अंतरावर आढळतात. निवृत्तिवेतनाच्या अभ्यासकाला याहून सोयीचे ठिकाण क्वचितच मिळेल.

प्रथम योजनेचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. आरंभी तो सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड या सहा उद्योगांपुरता व पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता होता. १९६० साली पन्नासाचा आकडा वीसवर आणण्यात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही वीस कामगारांचा हा उंबरठा तसाच ठेवला आहे. १९५२ साली कामगाराला जे मिळाले ते निवृत्तिवेतन नव्हते, तो निधी होता; निवृत्तीच्या दिवशी एकरकमी हाती पडणारी पुंजी. पुढे १९७१ साली कामगाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबास वेतन देणारी योजना आली आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती विलीन करून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना अस्तित्वात आली. मालकाच्या वाट्यातील वेतनाचे ८.३३ टक्के निधीऐवजी या योजनेकडे वळविण्यात आले. त्यात केंद्र सरकार १.१६ टक्क्यांची भर घालते. या सक्तीच्या वळवणीस कामगार संघटनांचा विरोध होता. ओटिस एलिव्हेटर कंपनीच्या कामगार संघटनेने योजनेच्या वैधतेस दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली फेटाळले. आपला पैसा आपल्याच खात्यावर चक्रवाढीने वाढू द्यावा, की सर्वांच्या सामाईक गंगाजळीत टाकून त्याच्या बदल्यात आमरण वेतनाचे वचन घ्यावे, हा या लेखाचा विषयच त्या विरोधाच्या मुळाशी होता.

तेव्हा नोकरीतील तरतुदीची दोन अंगे आहेत, हे आधी वेगळे केले पाहिजे. १५,००० रुपये मूळ वेतन व महागाई भत्ता असलेल्या कामगाराचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, निधीत जातात. मालकाच्या १,८०० रुपयांपैकी ५५० निधीत व १,२५० निवृत्तिवेतन योजनेत जातात. निधी हा वस्तुतः कामगाराचाच वैयक्तिक साठा होय. त्यावर दरवर्षी व्याज जाहीर होते, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. सुरक्षित म्हणविणाऱ्या अन्य साधनांच्या मानाने हा दर चांगला आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० पासून वर्षानुवर्षे ७.१ टक्क्यांवर राहिला. म्हणून निधीच्या अंगाविषयी वादाला फारशी जागा नाही. वाद आहे तो १,२५० रुपयांविषयी.

या १,२५० रुपयांच्या बदल्यात मिळणारे वेतन एका सूत्राने ठरते : निवृत्तिवेतनार्ह वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणावे व ७० ने भागावे. वेतन म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी; तीही वैधानिक मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये करण्यात आली, तत्पूर्वी ती ६,५०० होती. पुढील गणिते १५,००० धरून केली आहेत. मर्यादा बदलल्यास आकडे बदलतील, रीत बदलणार नाही. वीस वर्षे सेवा झालेल्यास दोन वर्षांची सवलत मिळते. किमान दहा वर्षांची सेवा नसेल तर मासिक वेतन नाही. वय ५८, पन्नाशीनंतर अगोदरही घेता येते, परंतु अलीकडे आणलेल्या दर वर्षामागे ४ टक्के घट सोसावी लागते.

आता या सूत्राकडे गणिती दृष्टीने पाहावे. त्यात व्याज कोठेच नाही. पंचविसाव्या वर्षी भरलेला रुपया आणि सत्तावन्नाव्या वर्षी भरलेला रुपया या दोहोंस सूत्र सारखेच मानते; दोन्ही वर्षे एकेक वर्ष म्हणूनच मोजली जातात. उलट वैयक्तिक खात्यात पंचविसाव्या वर्षीचा रुपया तेहतीस वर्षे चक्रवाढीने वाढतो. एक राशी सरळ रेषेने चढते, दुसरी वक्ररेषेने. तेव्हा आरंभी सरळ रेषा वर असणार, कोठेतरी दोन्ही एकमेकींस छेदणार आणि नंतर वक्ररेषा वर जाणार, हे आकडेमोड न करताही सांगता येते. प्रश्न इतकाच की छेदनबिंदू कोठे?

तो काढण्यासाठी दोन गृहीते करू. दरमहा १,२५० रुपये वार्षिक ८ टक्क्यांनी (मासिक चक्रवाढीने) साठविले, आणि निवृत्तीनंतर त्या पुंजीवर मुद्दल शाबूत ठेवून ६ टक्क्यांचे वर्षासन घेतले. (इनामदारीच्या काळातला 'वर्षासन' हा शब्द विमा कंपन्यांच्या आधुनिक व्यवहारालाही चपखल बसतो, तो टाकून देण्याचे कारण दिसत नाही.) बारा वर्षे सेवा झालेल्या कामगारास सूत्राने दरमहा २,५७१ रुपये मिळतात, स्वतः साठविले असते तर पुंजी सुमारे ३ लाख व तिच्यावर दरमहा सुमारे १,५०० रुपये. सरकारची १.१६ टक्क्यांची भर हिशेबात घेतली तरी हा आकडा १,७०० च्या आसपासच राहतो. वीस वर्षांच्या सेवेस सूत्राचे ४,७१४, साठ्याचे सुमारे ३,७००. पंचवीस वर्षांस ५,७८६ विरुद्ध ५,९४४. येथे रेषा एकमेकींस छेदतात. तेहतीस वर्षांच्या अखंड सेवेस सूत्र ७,५०० देते, तर साठा २४ लाखांवर जाऊन दरमहा सुमारे १२,००० देतो, आणि मुद्दल वारसांसाठी उरते ते निराळेच. व्याज ८ ऐवजी ७ टक्के धरले तर छेदनबिंदू पंचवीसवरून अठ्ठावीस वर्षांवर जातो.

याचा अर्थ असा की, नोकरीतील निवृत्तिवेतन हे उशिरा आलेल्याला व थोडकी सेवा झालेल्याला अनुकूल आहे, आणि तरुणपणी येऊन आयुष्यभर टिकलेल्याला प्रतिकूल. चाळिशीनंतर गाळ्यातून निघून एखाद्या नोंदलेल्या कारखान्यात लागलेल्या कामगाराने 'ही योजना काही देत नाही' असे म्हणणे चूक होय. त्याला ती भरलेल्या पैशाच्या मानाने पुष्कळ देते. कोणाच्या तरी वर्गणीतून ते येते हेही उघड आहे, आणि ते तरुण सभासदाच्या वर्गणीतून येते. सामाजिक विम्यात अशी आडवी मदत असावयाचीच. परंतु ती आहे हे तरुण सभासदास कोणी सांगत नाही, एवढे खरे.

वरील आकडेमोडीत एक गोष्ट जाणूनबुजून वगळली होती, ती आता घेऊ. कामगार निवृत्तीपर्यंत जगेल असे आपण मानले. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रस्त्यावरील एका फरसाणाच्या कारखान्यास आग लागून बारा कामगार मरण पावले. उपनगरातील लघुउद्योगात अकाली मृत्यू ही केवळ संख्याशास्त्रातील शक्यता नव्हे. निवृत्तिवेतन योजनेत सेवेतील सभासद दगावल्यास त्याच्या पत्नीस वेतन सुरू होते, आणि त्यासाठी दहा वर्षांची अट नाही; एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. ते किमान १,००० रुपये असते. शिवाय पंचवीस वर्षांखालील दोन अपत्यांस विधवावेतनाच्या प्रत्येकी २५ टक्के. कायमच्या पूर्ण अपंगत्वासही तीच सवलत. निधीशी संलग्न विम्याची रक्कम, एप्रिल २०२१ पासून अधिकात अधिक ७ लाखांपर्यंत, निराळी. वैयक्तिक साठ्यात दुसऱ्या महिन्यात दगावलेल्याच्या घरी २,५०० रुपये व थोडे व्याज पोचते. विमा वेगळा विकत घेता येतो, हे खरे. परंतु ज्याची तुलना करावयाची ती साठा अधिक विमा यांची, नुसत्या साठ्याची नव्हे. हा घटक मिळविला म्हणजे पंचवीस वर्षांचा छेदनबिंदू, निदान कुटुंबवत्सल कामगाराच्या बाबतीत, आणखी पुढे सरकतो.

येथवर नोकरीतील योजनेची बाजू वरचढ दिसेल. तिचे मोठे वैगुण्य भाववाढीत आहे. एकदा ठरलेले वेतन महागाईशी बांधलेले नाही. शिवाय २०१४ साली मर्यादा वाढविताना पूर्वीची सेवा पूर्वीच्याच मर्यादेने मोजण्याचा नियम करण्यात आला. ज्याने सप्टेंबर २००२ मध्ये नोकरी धरली व जो ऑगस्ट २०२६ मध्ये निवृत्त होणार, अशा पूर्ण मर्यादेपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे उदाहरण घ्या. त्याची पहिली बारा वर्षे ६,५०० वर मोजली जातील, म्हणजे १,११४ रुपये. पुढची बारा १५,००० वर, म्हणजे २,५७१. एकूण ३,६८६, अधिक दोन वर्षांच्या सवलतीचे जे काही येईल ते. चोवीस वर्षे यंत्रावर उभे राहिल्यानंतरचा हा आकडा. साकीनाक्यास एका खोलीचे भाडे त्यातून भागणार नाही, हे सांगावयास संशोधनाची गरज नाही.

या असंतोषाचे केंद्र मुंबईत नसून विदर्भात आहे, ही लक्षणीय गोष्ट होय. या योजनेतील निवृत्तांनी बुलढाण्यास २०१८ च्या डिसेंबरात धरणे धरले आणि तेथून आंदोलन देशभर पसरले. किमान वेतन ७,५०० रुपये व त्यावर महागाई भत्ता ही त्यांची मागणी. राज्यसभेच्या विनंतीअर्ज समितीने, भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली, २०१३ साली किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. सरकारने सप्टेंबर २०१४ पासून १,००० केले. वाचकांच्या ध्यानात आले असेल की, ७,५०० हा आकडा १५,००० च्या मर्यादेवर तेहतीस वर्षांच्या अखंड सेवेस सूत्राने येणारा आकडा आहे. म्हणजे सूत्र ज्याला जवळजवळ कमाल मानते त्याला निवृत्त लोक किमान मानतात. त्यांची मागणी अवाजवी आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. परंतु ती वर्गणीतून भागणारी नाही, करांतूनच भागेल, आणि तसे स्पष्ट म्हणावयास दोन्ही पक्षांपैकी कोणी फारसे तयार नसते.

आता दुसरी बाजू. स्वतः व्यवस्था पाहावयाच्या निवृत्तिवेतनाचे मुख्य साधन म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या नोकरांसाठी सुरू झालेली ही प्रणाली १ मे २००९ पासून सर्व नागरिकांस खुली झाली. वर्गणीदार निधिव्यवस्थापक निवडतो, शेअर व कर्जरोखे यांचे प्रमाण ठरवितो आणि जे काय होईल ते पत्करतो. सूत्र नाही, वचन नाही, खाते आहे. दीर्घायुष्याची जोखीम टाळण्यासाठी काही भागाचे वर्षासन घेण्याची सक्ती होती. ती पूर्वी ४० टक्के होती, डिसेंबर २०२५ च्या दुरुस्तीने सरकारी नोकर नसलेल्यांसाठी ती २० टक्क्यांवर आणण्यात आली. वर्गणीदारांस हा बदल आवडला. परंतु जितके वर्षासन कमी तितके ते निवृत्तिवेतन कमी आणि बचत अधिक. नाव तेच राहिले, एवढेच.

बाजाराची जोखीम शब्दांत सांगितली तर पटत नाही, तारखांनी पटते. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी २०२० मध्ये ४१ हजारांच्या वर होता. २३ मार्च २०२० रोजी तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. दीर्घकाळ थांबू शकणाऱ्याचे त्यात काही गेले नाही, कारण निर्देशांक पुढे वर आला. परंतु त्याच आठवड्यात टाळेबंदी होऊन साकीनाक्याचे गाळे बंद पडले. ज्याची मजुरी बाजार उतरण्याच्याच दिवशी थांबते त्याला थांबण्याचा सल्ला देणे सोपे असते. मजुरी व गुंतवणूक या दोहोंचे दुर्दिन एकाच वेळी येतात, हा सहसंबंध पाठ्यपुस्तकातील गुंतवणूकदारास सहसा नसतो. लघुउद्योगातील कामगारास तो हमखास असतो.

ज्यांच्या गाळ्यात वीस माणसे नाहीत, त्यांच्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. अठरा ते चाळीस वर्षांच्या माणसास साठीनंतर १,००० ते ५,००० रुपयांची हमी. १ ऑक्टोबर २०२२ पासून मात्र प्राप्तिकर भरणाऱ्यास तीत प्रवेश नाही. पंचविसाव्या वर्षी आलेल्याने दरमहा ३७६ रुपये भरले तर साठीनंतर ५,००० मिळतात. बाजाराची जोखीम येथे सरकारने घेतली, भाववाढीची मात्र वर्गणीदाराकडेच ठेवली. दरसाल ५ टक्के भाववाढ धरली तर पस्तीस वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे ९०६ रुपयांइतकी असेल. योजना निरुपयोगी आहे असे यावरून म्हणता येणार नाही. गावी स्वतःचे घर असलेल्या वृद्धास हे पैसे मीठमिरचीला उपयोगी पडतील. मात्र तीवर विसंबून मुंबईत वार्धक्य काढता येणार नाही.

नोकरीतील योजना सोडून स्वतंत्र योजनेकडे जाण्याचा एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला, त्याचा येथे ओझरता उल्लेख करणे उचित होईल. १९८८ पासून तेथील नोकरदारांस नोकरीतील योजना सोडून वैयक्तिक निवृत्तिवेतन घेण्याची मुभा मिळाली. विमा कंपन्यांच्या दलालांनी खाणकामगार, परिचारिका, शिक्षक यांस चांगल्या योजना सोडावयास लावल्या. त्यात त्यांचा मालकाचा वाटा गेला. पुढे चौकश्या होऊन कंपन्यांस सुमारे १२ अब्ज पौंडांची भरपाई करावी लागली. परंतु नोकरीतील योजनाही निर्धोक नव्हती. १९९१ साली रॉबर्ट मॅक्सवेल मरण पावला तेव्हा त्याच्या वृत्तपत्रांच्या निवृत्तिनिधीतील कोट्यवधी पौंड त्याने अन्यत्र वळविल्याचे उघडकीस आले. आपल्याकडे निवृत्तिवेतनाची गंगाजळी मालकाच्या हाती नसते, हा १९५२ च्या रचनेचा मोठा गुण होय. मालक वर्गणी कापून ती भरीतच नाही, हा आपला दोष निराळ्या जातीचा.

मालकाच्या वाट्याविषयी एक उपप्रश्न विद्यार्थ्यांनी अवश्य विचारात घ्यावा. तो वाटा खरोखर कोणाच्या खिशातून जातो? वर्गणीच्या निमित्ताने मालकाने वेतन कमी करू नये असे १९५२ च्या कायद्याच्या १२ व्या कलमात स्पष्ट म्हटले होते. परंतु नव्या माणसाशी बोली करतानाच दोन्ही वाटे धरून आकडा सांगितला, तर कमी केले असे कसे सिद्ध करावयाचे? करभाराच्या संक्रमणाचा जो सिद्धान्त आपण वस्तुकरांच्या संदर्भात शिकवितो तोच येथे लागू पडतो. 'मालकाचे बारा टक्के फुकट मिळतात' हे विधान मोठ्या कारखान्यात बऱ्याच अंशी खरे, लहानात अर्धेमुर्धे खरे असण्याचा संभव आहे.

आता आरंभी ज्या दुसऱ्या गोष्टीचा निर्देश केला तिच्याकडे वळू. निवड कोणाला आहे? ज्याचे वेतन मर्यादेच्या आत आहे त्याला निधी व निवृत्तिवेतन दोन्ही सक्तीचे. ज्याचे वेतन नोकरी धरतानाच मर्यादेच्या वर आहे व जो पूर्वी सभासद नव्हता, त्याला बाहेर राहण्याची मुभा. परंतु सप्टेंबर २०१४ नंतर अशा माणसास आत येऊनही निवृत्तिवेतन योजनेत प्रवेश नाही, त्याची सगळी वर्गणी निधीतच जाते. म्हणजे ज्याच्याजवळ निवृत्तिवेतन आहे त्याला निवड नाही, आणि ज्याला निवड आहे त्याच्यापुढे निवडावयास निवृत्तिवेतन नाही. नोकरदारास निधी व राष्ट्रीय प्रणाली यांत निवड द्यावी असा प्रस्ताव २०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटली यांनी मांडला होता. तो कायद्यात उतरला नाही.

तरीही प्रत्यक्षात कामगार निवड करतोच. ती तो नोकरी सोडताना करतो. साकीनाक्यासारख्या ठिकाणी एका गाळ्यातून दुसऱ्यात, तेथून भिवंडीस वा वसईस, असा प्रवास चालू असतो. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा झालेल्या कामगारास नोकरी सुटल्यावर दोन मार्ग असतात. १०-सी अर्ज करून निवृत्तिवेतनाचे पैसे काढून घ्यावयाचे. किंवा त्याच अर्जाने योजना-प्रमाणपत्र मागावयाचे, म्हणजे झालेली सेवा पुढील नोकरीत जोडली जाते. पैसे काढणाऱ्यास सेवेच्या एका वर्षामागे सुमारे एका महिन्याचे वेतन मिळते. ८.३३ टक्क्यांस बाराने गुणले तर शंभर टक्केच होतात. अर्थात त्याला जवळजवळ भरलेलीच रक्कम परत मिळते, आणि सेवेचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. नऊ वर्षांची सेवा, तीनदा तीन-तीन वर्षे करून, तीनदा मोडली तर माणूस साठीला पोचूनही निवृत्तिवेतनधारक होत नाही.

मग पैसे कधीच काढू नयेत काय? येथेही गणिताशी प्रामाणिक राहिले पाहिजे. नऊ वर्षांच्या सेवेचे सूत्रानुसार मोल १,९२९ रुपये दरमहा, पण पुढे दहावे वर्ष भरले तर. तिसाव्या वर्षी सुमारे १ लाख ४० हजार काढून ते अठ्ठावीस वर्षे ८ टक्क्यांनी ठेवले तर १२ लाखांवर जातात व ६ टक्क्यांनी दरमहा सुमारे ६,००० देतात. शेचाळिसाव्या वर्षी तेच केले तर सुमारे १,७६० येतात, म्हणजे सूत्रापेक्षा कमी. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्याने काढणे हा निव्वळ तोटा. तिशीतल्याने काढून जसेच्या तसे ठेवणे हा फायदा. अट एवढीच की ते जसेच्या तसे ठेवले पाहिजेत. प्रत्यक्षात हे पैसे बेकारीच्या दोन महिन्यांत, बहिणीच्या लग्नात, रत्नागिरीच्या किंवा जौनपूरच्या घरावर पत्रे घालण्यात जातात. यास उधळपट्टी म्हणण्याची आपल्या लेखनात पद्धत आहे, ती बरी नव्हे. गावचे घर हीही वार्धक्याची तरतूदच होय, आणि तिला भाववाढ शिवत नाही. परंतु ते घर बांधताना आपण दरमहाचे आमरण वेतन व पत्नीचे विधवावेतन यांची किंमत मोजीत आहोत हे अर्ज भरणाऱ्यास ठाऊक असावयास हवे. २०१४ साली प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळू लागल्यापासून जुनी सेवा जोडणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पैसे काढणेही तितकेच सोपे झाले आहे.

राहता राहिला वीसचा उंबरठा. एकाच मालकाचे दोन गाळे दोन नावांनी दाखविण्याची युक्ती जुनी आहे. म्हणूनच निरनिराळे विभाग व शाखा मिळून एकच आस्थापना मानावी असे २-अ कलमाने ठरविले होते. एकदा कायदा लागू झाल्यावर कामगार वीसच्या खाली आले तरी तो सुटत नसे, ही तरतूदही त्याच अनुभवातून आली. याउलट एक तरतूद अशी आहे की जिचा उल्लेख क्वचितच होतो. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेतही मालक व बहुसंख्य कामगार यांची संमती असेल तर ही सर्व व्यवस्था स्वेच्छेने लागू करून घेता येते. नव्या संहितेतही ती मुभा आहे. एकोणीस माणसांच्या गाळ्यात बहुसंख्य म्हणजे दहा जण.